कार्ब्युरेटरला हात लावायचा नाही

"यंत्र कधीही खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस."

अण्णा अंगणात उभे राहून असं म्हणाले आणि वाक्याला वजन यावं म्हणून त्यांनी पिकअपच्या मडगार्डवर थाप मारली. पिकअपला ते वजन सोसलं नाही. ती दोनदा खोकली, थंडीतापाच्या माणसासारखी थरथरली आणि बंद पडली. मागे लाकडी घोडीवर माणसापेक्षा उंच काच तिरकी बांधली होती, फोटोग्राफरच्या दुकानाच्या दर्शनी भागासाठी. तिच्यात सगळं घर एकदा हललं आणि पुन्हा जागेवर आलं.

"खरं बोलली बघा," सूनबाई ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. घरच्या काचेच्या धंद्यात कामाची वाटणी ठरलेली होती. थोरला मुलगा काच कापायचा, त्याची बायको ती पोचवायची आणि बसवायचं काम अण्णांचं. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून ते फक्त सांगायचे. सांगण्याच्या कामाला हात लागत नाहीत, त्यामुळे ते पूर्वीपेक्षा जोरात चाललं होतं.

गाडीला घरात 'म्हातारी' म्हणत. सकाळी कुणी "म्हातारी उठेल का आज?" म्हणून विचारलं की स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "उठलेय, चहासुद्धा झालाय!" पण गेल्या काही महिन्यांत हा विनोद कुणी करेनासं झालं होतं. म्हातारी वेगात असली की बरी चालायची. जरा हळू झाली, थांबली, चढ आला की झटके देऊन मान टाकायची. साध्या गाडीने झटका दिला तर आतल्याचं डोकं आपटतं. काचवाल्याच्या गाडीने दिला तर आठवड्याचं काम रस्त्यावर चकाकतं.

बरेच मिस्त्री येऊन गेले होते. त्यांनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, पेट्रोलचा पंप बदलला, टाकी धुतली. एकाने तर जाता जाता हॉर्नही बदलला. प्रत्येकाचा हात शेवटी कार्ब्युरेटरकडे वळायचा, आणि प्रत्येकाला अण्णा तेच सांगायचे, "त्याला हात लावायचा नाही. नाजूक आहे." प्रत्येक घरात असं काहीतरी असतं. कुणाकडे एक खोली उघडत नाहीत, कुणाकडे एका आत्याचा विषय काढत नाहीत. या घरात कार्ब्युरेटर होता. इतकी वर्षं होता की तो नियम कधी झाला आणि का झाला, हे विचारायचंही सगळे विसरले होते. निदान तसं दाखवत होते.

फाटकाची कडी वाजली आणि धाकटा मुलगा आत आला. हातात हत्यारांची पिशवी, पोट थोडं पुढे. आई पदराला हात पुसत पायरीपर्यंत आली आणि म्हणाली, "सुटला आहेस की अंगाने!" रडू आलं की आई खाण्यापिण्याच्या विषयाकडे वळायची, आणि आज मुलगा एवढ्या वर्षांनी समोर होता.

फोन तिनेच केला होता. "अण्णांचा हात थरथरतो आता," ती म्हणाली होती. "गाडीपण थरथरते. दोघांपैकी एकाला तरी बघून जा."

अण्णांनी धाकट्याकडे पाहिलं, मग थोरल्याकडे वळले. "विचार त्याला, चहा घेणार का."

धाकटा हाताच्या अंतरावर उभा होता.

"अण्णा विचारतायत, चहा घेणार का," थोरला म्हणाला.

"घेईन म्हणावं."

"घेईन म्हणतोय."

"ऐकलं. बहिरा नाही मी," अण्णा म्हणाले आणि भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्चीशेजारी काच चौकटीत पक्की करायच्या पुट्टीचा मोठा डबा होता, फडक्याने झाकलेला. त्याचं झाकण शेजारी उताणं पडलं होतं. आज फोटोग्राफरकडे लागणारी पुट्टी अण्णा स्वतः मळणार होते. तेवढं एक काम त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

धाकट्याने त्या डब्याकडे पाहिलं. लहानपणी झाकण बसवायचं काम त्याचं होतं. झाकण घट्ट, हाताने बसत नसे. अण्णा त्याला उचलून वर उभा करायचे आणि म्हणायचे, "नाच." तो नाचला की झाकण बसायचं. घरात त्याच्या वजनाला किंमत होती तो काळ तेवढाच.

*

धाकट्याला घरातलं काहीही नको होतं. दुकान नको, वाटा नको. त्याला एक वाक्य हवं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी तो याच गाडीतून एका दवाखान्याच्या काचा घेऊन निघाला होता. पुलाच्या चढावर गाडी झटके मारत बंद पडली, मागे घसरली, कठड्याला टेकली आणि घोडीवरच्या सगळ्या काचा एका दमात गेल्या. कुणाला खरचटलंही नाही. म्हणून तर सगळ्यांना पोटभर बोलता आलं. "इंजिन ताणलंस तू, जाळलंस," अण्णा तिथे येऊन भर रस्त्यात म्हणाले होते. "काच धरायला हात लागतो, आणि हाताच्या वर डोकं लागतं." जमलेली माणसं हसली. अण्णांचं बोलणं नेहमीच चांगलं होतं, लोक हसणारच.

त्याच आठवड्यात धाकटा घर सोडून गेला. आता तो दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमध्ये माणसं अडकली की तो वरच्या मजल्यावरून त्यांना ओरडून सांगायचा, "घाबरू नका! तुमची काही चूक नाही!" अनोळखी माणसांना तो हे वाक्य फुकट वाटत होता. त्याला स्वतःला ते कुणी दिलं नव्हतं.

त्याने चहा अर्धा प्यायला, बॉनेट उघडलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने चुकीच्या जागी हात घातला.

"पॉइंट खराब झालेत. ठिणगी नीट पडत नाहीये," त्याने जाहीर केलं. पॉइंट घासले, फट मोजली, झाकण लावलं. सूनबाईने किल्ली फिरवली. म्हातारी उठली, थरथरली, गेली.

भिंतीकडून एक समाधानी खोकला आला. "सांग त्याला, लिफ्ट नव्हे ही. बटण दाबलं आणि गेली वर, असं नसतं."

"अण्णा म्हणतायत..." थोरल्याने सुरुवात केली.

"दादा, तू हे जे करतोस ना, त्याचा पगार घेतोस का?" धाकट्याने विचारलं.

"भाऊजी, मी सांगू का एक?" सूनबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. या दिराविषयी तिने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं: इंजिन जाळणारा. तिने मनात कुणीतरी उग्र, लाल डोळ्यांचा माणूस रंगवला होता. हा तर पाना वापरून झाल्यावर पुसून ठेवत होता. "ही चोक ओढला की शहाण्यासारखी चालते. म्हणून मी चोक ओढून तशीच नेते. ही बघा." चोकच्या दांड्याला दोरीवर कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला होता.

"इंजिन गरम झाल्यावरसुद्धा?"

"गरम झाल्यावरसुद्धा."

"हे मला कधी बोलली नाहीस," थोरला म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही विचारता, 'काच शाबूत का?' मी म्हणते, 'शाबूत.' संपलं आपलं बोलणं."

धाकटा चिमट्याकडे बघत उभा राहिला. चोक ओढला की इंजिनाची हवा कमी होते, पेट्रोल जास्त मिळतं. हवा कमी केल्यावर ही नीट चालते, म्हणजे एरवी हिला हवा जास्त होतेय. कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये मोजून मिसळतो त्याहून जास्त. "वहिनी, ही कुठूनतरी चोरून हवा ओढतेय. एखादा सांधा फुटलाय. पाणी आहे का फवारायला?"

काचवाल्याच्या गाडीत दुसरं काही नसलं तरी काच पुसायची फवाऱ्याची बाटली असते. सूनबाईने ती दिली, गाडी चालू केली आणि ती मरू नये म्हणून पायाने जरासा जोर देऊन धरली. धाकट्याने ब्रेककडे जाणाऱ्या नळीवर पाणी मारलं. काही नाही. इंजिनाच्या डोक्याशी मारलं. काही नाही. मग त्याने कार्ब्युरेटरच्या बुडाशी, तो ज्या नळकांड्यावर बसतो त्या सांध्यावर, एक फवारा मारला.

थरथर थांबली. दोन श्वास म्हातारी नव्या नवरीसारखी एका सुरात चालली. मग सांध्याने पाणी आत ओढून घेतलं आणि पुन्हा तिचा खोकला सुरू झाला.

"पुन्हा," थोरला नकळत म्हणाला.

पुन्हा फवारा. पुन्हा तोच सूर, पुन्हा खोकला. आता घरात हे न ऐकलेलं कुणी नव्हतं.

धाकट्याने पिशवीतून पाना काढला. "उतरवावा लागेल."

"त्याला सांग," अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले, "कार्ब्युरेटरला हात लावायचा नाही."

*

थोरला मध्ये उभा होता. आयुष्यभर तो मध्येच उभा होता. त्याची जागाच ती होती. "अण्णा नको म्हणतायत तर राहू दे ना," तो धाकट्याला म्हणाला. "उद्या मिस्त्रीला बोलावू."

"मिस्त्री तरी कुठे हात घालणार, अहो?" सूनबाई खाली उतरली. "शेपटीला? दुखणं जिथे आहे तिथेच बघू नका म्हणायचं आणि वर औषध द्या म्हणायचं."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी नाही बोलत. पण मग काच तुम्ही न्या. डोक्यावर. मी पुढे शिट्टी वाजवत चालते."

थोरल्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. त्याला पुलावरच्या अपघातानंतरची सकाळ आठवत होती. आदल्या दिवशी जळालेलं म्हणून सांगितलेलं इंजिन त्या सकाळी बिनतक्रार सुरू झालं होतं. मिस्त्री आला नव्हता, एकही सुटा भाग आला नव्हता. थोरला गाडीत बसला, इंजिन ऐकलं आणि त्याच्या डोक्यात एक प्रश्न आला. त्याने तो प्रश्न नीट कागदात गुंडाळून ठेवला, आपण काच ठेवतो तसा. मग धाकटा गेला आणि दुकान एकट्या थोरल्याचं झालं. गुंडाळलेलं सोडायचं राहूनच गेलं.

आई पायरीवर बसून दाण्याची टरफलं काढत होती. आई या वादात अजून काही बोलली नव्हती म्हणून तिला मत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. हीही या घरातली जुनी चूक.

आईला वास आठवत होता. अपघाताच्या आदल्या दिवशी रविवार होता. रविवारी काचकाम बंद. तरी जेवायला बसताना अण्णांच्या हाताला जवसाच्या तेलाचा वास येत होता, म्हणजे पुट्टीचा. दिवसभर तर ते गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसले होते. तिने तेव्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी काचा फुटल्या, आरडाओरडा झाला आणि संध्याकाळी जेवताना अण्णांच्या हाताला पुन्हा तोच वास. तेव्हाही तिने विचारलं नाही. पोराने पिशवी भरली तेव्हा तिने चपात्या बांधून दिल्या. चपात्यांऐवजी एक प्रश्न विचारला असता तर, असं तिला त्यानंतर कितीदातरी वाटलं. पण चपात्या लाटणं तिला येत होतं आणि प्रश्न विचारणं येत नव्हतं.

"उतरव," आई म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. "अगं..."

"उतरव रे तू." ती नवऱ्याकडे न बघता दाणे चोळत राहिली. "त्यांना मी बघते."

अण्णा खाली बसले. सावकाश, काच टेकवावी तसे.

*

नट चिकटून बसले होते. शेवटचा सुटला आणि धाकट्याने कार्ब्युरेटर उचलला. खाली सांध्याभोवती काळा, तेलकट थर होता. त्याने पेचकसाने टोकरलं. थराचा एक तुकडा टक्क करून उडाला. आतून पांढुरका निघाला.

धाकट्याने तो बोटांत धरला. चुरडून पाहायची गरज नव्हती. या घरात जन्मलेल्या माणसाला पुट्टी डोळे मिटून ओळखता येते.

जगातल्या कुठल्याही मेकॅनिकने असं काही केलं नसतं. सांध्यातलं पॅकिंग फाटलं तर मेकॅनिक नवं पॅकिंग आणतो. रविवारी दुकान बंद असलं तर सोमवारपर्यंत थांबतो. पण काचवाल्याचा फटीशी एकच व्यवहार असतो: फट दिसली की पुट्टी घ्यायची, भरायची आणि अंगठ्याने दाबत न्यायची. खिडकीवर ती तीस वर्षं टिकते. पेट्रोलच्या वाफेत आणि इंजिनाच्या उष्णतेत किती टिकते, हे तोवर कुणी करून पाहिलं नव्हतं.

धाकट्याने तुकडा उजेडात फिरवला. थर दोन होते. खालचा मधोमध फाटलेला, आणि फाटलेल्या जागेवर दाबून बसवलेला दुसरा, आता तोही तडकलेला. दोन्हींवर अंगठ्याची रेघ उमटली होती आणि दोन्ही रेघांच्या मधून एक बारीक वरंबा जात होता. अण्णांच्या उजव्या अंगठ्याला तरुणपणी काचेने खाच पाडली होती. त्यांनी भरलेल्या प्रत्येक खिडकीवर तो वरंबा असायचा. घरात त्याला 'अण्णांची सही' म्हणत.

खालचा थर अपघाताच्या आधीचा. तो पुलाच्या चढावर फाटला. वरचा नंतरचा. म्हणजे अण्णांनी त्या संध्याकाळी बॉनेट उघडलं होतं, पाहिलं होतं, आणि त्यांना कळलं होतं. चूक एकदाच झाली होती. सही दोनदा झाली होती.

थोरला शेजारी येऊन उभा राहिला. त्यानेही ती पाहिली.

"दुसऱ्या दिवशी सुरळीत चालली होती," तो हळूच म्हणाला. "कुणी दुरुस्त न करता."

"तुला माहीत होतं?"

"कळलं होतं. माहीत करून घेतलं नाही."

"का?"

थोरल्याने मागे दुकानाकडे पाहिलं. पाटीकडे, काचा ठेवायच्या मांडणीकडे, स्वतःच्या टेबलाकडे. मग म्हणाला, "आण तो कार्ब्युरेटर इकडे. पॅकिंग मी कापतो."

नेताना दोन काचा एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये बुचाच्या चकत्या ठेवतात. त्यासाठी दुकानात बुचाचे पातळ तक्ते असायचे. थोरल्याने एक तक्ता घेतला, कार्ब्युरेटरचं बूड त्यावर टेकवलं, पेन्सिल फिरवली आणि पाती चालवली. आयुष्यात त्याने हजारो काचा कापल्या. एवढं जिवापाड काही कापलं नव्हतं. भोकं अशी गोल की सूनबाई म्हणाली, "अहो, माझ्यासाठी कधी चपातीएवढं तरी गोल काही कापलंत का?" कुणी हसलं नाही. तिलाही हसायचं नव्हतं. पण इतक्या शांततेत काहीतरी बोलणं भाग होतं.

धाकट्याने सांधा खरवडून लख्ख केला. खरवड फडक्यावर गोळा केली. वरंबा असलेला तुकडा मात्र त्याने वेगळा ठेवला. नवं पॅकिंग बसवलं, नट आवळले, हात पुसले. मग तो तुकडा उचलून चालत गेला आणि अण्णांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. जे सांगायचं ते यंत्राने सांगितलं होतं.

अण्णांनी तुकड्याकडे पाहिलं. मग अंगठा त्यावर टेकवला. थरथरत्या हाताने नेम धरायला वेळ लागला, पण वरंबा खाचेत बरोबर बसला.

"चालू करू?" सूनबाईने गाडीतून विचारलं.

"कर," आई म्हणाली.

म्हातारी पहिल्या किल्लीला उठली. सूनबाईने चोकचा चिमटा काढून स्वतःच्या ओढणीला लावला आणि पायही काढून घेतला. गाडी मेली नाही. एका लयीत, हळू, कुरकुर न करता चालत राहिली. घोडीवरच्या काचेत घर दिसत होतं, पायरी, दाण्यांचं सूप, खुर्ची, आणि त्यातलं काहीच हलत नव्हतं. हलत होता फक्त खुर्चीच्या हातावरचा अण्णांचा हात. दोन थरथरींपैकी एक गेली होती.

धाकट्याने पिशवी भरायला घेतली. जेवढी सावकाश भरता येईल तेवढी सावकाश. पाने पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. एका वाक्याला येऊन पोचायला वेळ लागतो, हे त्याला कळत होतं. लिफ्टच्या बाहेर उभं राहून तो रोज अशीच वाट बघायचा. दार आतल्या माणसाने उघडायचं नसतं, पण आतून आवाज यावा लागतो.

"मुक्काम कर की आजचा," थोरला म्हणाला.

"सकाळी लिफ्ट आहे एक. बंद पडलीय."

"काही लागलं तर..." थोरल्याला पुढे काय ते ठरवता आलं नाही. "लागलं तर सांग."

अण्णा उठले. आईचे हात दाण्यांत थांबले. सूनबाईने इंजिन बंद केलं, ऐकू यावं म्हणून. अण्णांनी घसा साफ केला. थोरला सवयीने पुढे झाला, निरोप न्यायला. अण्णांनी त्याला हातानेच बाजूला सारलं आणि धाकट्यासमोर जाऊन उभे राहिले. पुट्टीचा तुकडा त्यांच्या मुठीत होता. जगातल्या प्रत्येक विषयावर ज्यांच्यापाशी तयार वाक्य असायचं, त्या माणसाला शब्द शोधताना या घराने पहिल्यांदाच पाहिलं.

"ऐक," अण्णा थेट त्याला म्हणाले.

"बोला, अण्णा."

अण्णांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग खाली पाहिलं. मग शेजारी, डब्याकडे.

"ते झाकण," ते म्हणाले. "हल्ली कुणाकडून नीट बसत नाही. पुट्टी वाळते. जाताना तेवढा त्यावर जरा उभा राहून जा."